घरात पाळीव प्राणी आहे का? मी 'नाही' म्हणाले होते

किडनी ट्रान्सप्लांटच्या आधी एक मोठा फॉर्म भरून घेतात. पाणी नळाचं की बोअरचं, घरात कोणाला टीबी होऊन गेला का, बांधकाम चालू आहे का, पेशंटला वेगळी खोली मिळेल का, असं दोन पानं भरून. त्यातच एक प्रश्न होता, घरात पाळीव प्राणी आहे का. मी नाही म्हणाले. बाजूला नवरा बसला होता, तोही नाहीच म्हणाला. आम्ही काही लपवत नव्हतो, आम्हाला खरंच तसंच वाटत होतं, कुत्रा नाही, मांजर नाही, संपलं. मागच्या गॅलरीत निळ्या टबमध्ये टिकली होती पण ती आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही.

टिकली म्हणजे आमचं कासव. डोळ्याच्या मागे दोन्ही बाजूला लाल पट्टा असतो त्या जातीचं, रेड इअर्ड स्लायडर. २०१९ मध्ये पोरीच्या सहाव्या वाढदिवसाला आणलं, तेव्हा दहाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं, हिरवंगार, आणि तो लाल ठिपका कुंकवाच्या टिकलीसारखा म्हणून पोरीनेच नाव ठेवलं. दुकानवाला म्हणाला होता की एवढंच राहते, वाढत नाही. वाढलं. पाच वर्षांत नाश्त्याच्या प्लेटएवढं झालं आणि एक काचेची पेटी, मग मोठी पेटी, मग गॅलरीतला टब असं त्याचं स्थलांतर होत गेलं. सासूबाई तर खूश होत्या, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणत, उत्तरेला ठेव पश्चिमेला ठेव असं बरंच चालायचं.

मी ते कासव कधी हातातही घेतलं नव्हतं हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा मुद्दा त्यावरच आहे.

चौदा महिने डायलिसिस झालं, आठवड्यातून तीनदा, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये आईची किडनी मला बसवली. आई ६४ वर्षांची. त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळंच लिहावं लागेल म्हणून थांबते. घरी आल्यावर पथ्य कडक होतं, पाणी उकळून, बाहेरचं काहीच नाही, कच्ची कोशिंबीर नाही, मास्क, आणि गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून. टॅक्रोलिमस सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात नाहीतर शरीर नवीन किडनीला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं. पहिले काही महिने डोस जास्त असतो म्हणून तेव्हा इन्फेक्शनची भीती पण सगळ्यात जास्त. हे सगळं मला पाठ होतं. मी घरात येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच सॅनिटायझर द्यायची, वरच्या मजल्यावरच्या काकूंना सर्दी झाली तर पंधरा दिवस त्यांना भेटले नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री थंडी वाजायला लागली. पोट दुखून आलं, पहाटेपर्यंत सात-आठदा जाऊन आले, ताप १०१.८. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की १०० च्या वर ताप गेला तर कितीही वाजले असो, आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करायचा. पण सकाळी ताप थोडा उतरला, नवऱ्याला ऑडिटची घाई, मला वाटलं पोट बिघडलं असेल, आणि आम्ही जवळच्याच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विडाल टेस्ट केली, म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची तपासणी, पॉझिटिव्ह आली, टायफॉइड म्हणाले, गोळ्या दिल्या. त्यात दीड दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला उठून बसता येईना, लघवी एकदम कमी झाली, तेव्हा नवऱ्याने फोन लावला आणि कोऑर्डिनेटर मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "निघा आत्ताच्या आत्ता, पिशवी भरत बसू नका."

अॅडमिट केलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करेना झाली की रक्तात वाढतं ते, १.१ वरून २.३ झालेलं. ज्यांच्या घरी किडनीचा पेशंट आहे त्यांना हा आकडा वाचून काय होतं ते मी सांगायला नको. मला आईकडे बघवेना. टॅक्रोलिमसची लेव्हल पण दुप्पट झाली होती, जुलाब झाले की हे औषध रक्तात जास्त शोषलं जातं आणि ते वाढलं की किडनीलाच त्रास देतं, वर शरीरातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे दोन्हीकडून मार. सुरुवातीला डॉक्टरांना शंका आली मायकोफेनोलेटवर, कारण त्या गोळीनेही जुलाब होतात आणि ट्रान्सप्लांट पेशंटमध्ये ते बरंच दिसतं. पण ताप होता, म्हणून अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी दोन्ही हातातून रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवलं, शौचाचंही पाठवलं. हे आधी घेणं महत्त्वाचं असतं, नंतर जंतू सापडणं अवघड होतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तात साल्मोनेला. पण टायफॉइडवाला नाही.

हा फरक मला तोपर्यंत माहीत नव्हता. टायफॉइडचा जंतू पण साल्मोनेलाच, पण तो फक्त माणसाकडून माणसाला येतो, दूषित पाण्यातून अन्नातून. त्याचे बाकीचे भाऊबंद खूप आहेत आणि ते प्राण्यांच्या आतड्यात राहतात, कोंबडी, अंडी, गुरं, आणि सरपटणारे प्राणी. विडालमध्ये हा फरक नीट कळत नाही, म्हणून आपल्याकडे कित्येकांना नुसत्या विडालवर टायफॉइड सांगून टाकतात. धडधाकट माणसाला हा दुसरा जंतू लागला तर चार ते सात दिवस जुलाब, ताप, आणि बहुतेक वेळा आपोआप बरं. माझ्यासारखीच्या अंगात मात्र त्याला अडवायला कोणी पहाऱ्यावर नसतं, तो आतड्यातून सरळ रक्तात जातो आणि तिथून हाडात, सांध्यात, कुठेही जाऊन बसू शकतो.

इन्फेक्शनच्या स्पेशालिस्ट मॅडम आल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, स्टूल ओढून बसल्या आणि मागच्या आठवड्यात काय काय खाल्लं ते विचारत गेल्या. अंडी कशी शिजवता, पनीर सुटं आणता का, दूध कोणतं. मी सगळं सांगितलं, त्यात काही विशेष निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, घरात कुत्रा-मांजर सोडून दुसरं काही? कासव, मासे, पोपट, इग्वाना?"

नवरा म्हणाला, "कासव आहे ना. पण ही हात नाही लावत त्याला."

"पाणी कोण बदलते?"

"मी आणि मुलगी. रविवारी."

"कुठे बदलता?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "किचनच्या सिंकमध्ये."

नागपुरात मानेवाड्याला आमचा फ्लॅट आहे, गॅलरीतला नळ मे महिन्यात जाम झाला होता आणि माझ्या दुखण्याच्या धावपळीत प्लंबरला बोलवायचं राहूनच गेलं. तेव्हापासून दर रविवारी बापलेक तो टब किचनमध्ये आणायचे, हिरवं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतायचे, टबच्या कडेला चिकटलेलं शेवाळ घासणीने घासायचे. घासणी भांड्याचीच, कोपऱ्यात ठेवलेली जुनी. आणि त्याच सिंकमध्ये मी सकाळी सांबार धुवायची. नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगते, सांबार म्हणजे कोथिंबीर. पोह्यांवर शेवटी वरून कच्चाच घालायचा असतो तो, बाकी सगळं शिजवून उकळून खात होते आणि सांबाराचा विचार मनातच आला नाही. सिंकमध्ये चाळणी ठेवायची, तिच्यात जुडी सोडायची, खालचं पाणी वर उडायचं. मला ती चाळणी पलंगावर पडल्यापडल्या डोळ्यासमोर दिसत होती.

मॅडमनी रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की कासव, साप, पाली, इग्वाना यांच्या पोटात हा जंतू मजेत राहतो, त्यांना स्वतःला काही होत नाही, कासव खातंपितं एकदम ठणठणीत दिसतं. विष्ठेतून तो अधूनमधून बाहेर पडतो. कासव पाण्यात राहतं म्हणजे ते पाणी, टब, त्यातले दगड, त्याची पाठ, सगळ्यावर तो असतो, आणि वाळलेल्या जागेवरही बरेच दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून प्राण्याला हात लावला की नाही याला तसा अर्थ नाही, त्याचं पाणी जिथे जातं तिथे जंतू जातो. अमेरिकेत लहान मुलांना असे आजार होत होते म्हणून १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान पाठीचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण लहान कासव मुलं हातात घेतात, गालाला लावतात, तोंडात घालतात. आमचं आणलं तेव्हा जेमतेम एक-सव्वा इंचाचं होतं. तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते की पाच वर्षांखालचं मूल, ६५ च्या वरचं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर सरपटणारे प्राणी पाळूच नयेत. आमच्या घरात मी, आणि एका किडनीवर जगणारी ६४ वर्षांची आई. आणि खालच्या मजल्यावरचं दोन वर्षांचं बाळ यायचं कासव बघायला, टबमध्ये हात घालून पाणी उडवायचं आणि मग तोच अंगठा तोंडात. ते आठवलं आणि मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावायला लावला त्यांच्या घरी. बाळ ठीक होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. कासवानेच झालं असं कोणी छातीठोक सांगितलं नाही. मी विचारलं की कासवाची टेस्ट करू का, तर मॅडम आणि नंतर एक व्हेटरनरी डॉक्टर दोघंही तेच म्हणाले. टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्याचा भरवसा नाही, कारण जंतू रोज बाहेर पडत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर ते अपेक्षितच आहे, माझ्या रक्तातला आणि त्याच्यातला एकच आहे का हे बघायला पुढच्या वेगळ्या तपासण्या लागतात. त्याला औषध देऊन जंतू घालवू म्हटलं तर तेही होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. म्हणजे अंड्याने झालं असेल, पनीरने झालं असेल, पण किचनच्या सिंकमध्ये कासवाचं पाणी ही गोष्ट अशी होती की ती बंद करायला पुराव्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

इलाज म्हणजे सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक, शिरेतून, चौदा दिवस. सलाईन भरपूर. मायकोफेनोलेटचा डोस काही दिवस कमी केला आणि टॅक्रोलिमसची लेव्हल सारखी बघत राहिले, ही फार नाजूक कसरत असते, जास्त दाबलं तर जंतू वाढतो, कमी दाबलं तर किडनी रिजेक्ट होईल. असे बदल फक्त ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांनीच करायचे, जुलाब होतात म्हणून आपल्या मनाने गोळी कधीच बंद करू नका. पाचव्या दिवशी ताप गेला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो त्याला, पोरगी घरी एकटी होती, तिचा लाकडी बैल कोणी सजवला नाही. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते, रोगराई घेऊन जा म्हणत मिरवतात ते पुतळे, काळी आणि पिवळी, माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, लहानपणापासून एक वर्ष चुकवली नव्हती. आईने मोबाईलवर मिरवणूक लावली आणि "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ऐकताना ती हात जोडून बसली होती, पोटावरचा टाक्यांचा व्रण अजून पुरता वाळला नव्हता तिचा. नवव्या दिवशी घरी सोडलं, बाकी इंजेक्शनं रोज जाऊन घेतली. क्रिएटिनिन १.३ वर आलं. १.१ काही परत झालं नाही.

मी घरी यायच्या आधी नवऱ्याने किचन उपसून काढलं. घासण्या, पाट, चाळणी सगळं फेकलं. सिंक आणि ओटा आधी साबणाने घासून मग ब्लीचने पुसला, हा क्रम महत्त्वाचा आहे, मळ तसाच असेल तर ब्लीच नीट काम करत नाही. टब सर्पमित्राच्या सांगण्यावरून संडासात रिकामा केला, हातमोजे घालून.

आता टिकलीचं काय. सासूबाई म्हणाल्या, "फुटाळा तलावात सोडून दे, पुण्य लागते." मला पण आधी तेच सुचलं होतं. पण ही जात आपल्याकडची नाही, मूळ अमेरिकेतली, आणि जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. तलावात सोडली की आपल्या कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा सगळं बळकावते. शिवाय ती वीस-तीस वर्षं जगते. आणि जे लोक हौसेने स्टार कासव ठेवतात ते तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा करतात, ते वनखात्याकडेच द्यायला पाहिजे. एका सर्पमित्र भाऊंच्या ओळखीने उमरेड रोडला शेतावर राहणारे एक रिटायर्ड जोडपं मिळालं, त्यांच्याकडे चारी बाजूंनी बांधलेली टाकी आहे, वर जाळी आहे. द्यायच्या आधी मी फोनवर त्यांना सगळं विचारलं, घरात लहान मूल येतं का, कोणी गरोदर आहे का, कॅन्सरचा इलाज चालू आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या कोणी घेतं का, शुगर कोणाला आहे. माझ्या घरातला धोका उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचा नव्हता मला. काका म्हणाले, "नाही ना ताई, आम्ही दोघंच राहतो, न् टाकीचं पाणी झाडाले जाते, भाजीले नाही."

सगळ्यात अवघड होती पोरगी. अकरा वर्षांची. तिला कोणीतरी सांगून टाकलं की कासवामुळे आई आजारी पडली आणि तिने त्याचा अर्थ असा लावला की तिच्यामुळे. मी घरी आले तर माझ्याजवळ येईना. दारात उभी राहायची, हात मागे. दोन दिवसांनी रात्री म्हणाली, "आई, घासणी मीच घेतली होती ना." मी तिला सांगितलं की फॉर्मवर 'नाही' मी लिहिलं होतं, मोठ्यांनी विचारायचं असतं, डॉक्टरांना सांगायचं असतं, ते मी नाही केलं. ती ऐकत होती पण तिला पटलं असं मला वाटलं नाही. टिकली गेली त्या दिवशी तिने टबवर टॉवेल टाकून दिला, ऊन लागू नये म्हणून, आणि खोलीत जाऊन पडली.

मग ओळखीचे लोक विचारायला लागले. नागपूरच्या घरात पाली असतातच, त्यांचं काय? पालींमध्येही हा जंतू असतो. मला सांगितलं ते एवढंच, अन्न झाकून ठेवा, सकाळी ओटा पुसल्याशिवाय वापरू नका, लेंडी दिसली तर ओल्या कागदाने उचला, झाडू मारू नका, मग साबणाने हात. घाबरून घर सोडायची गरज नाही. नागपंचमीला साप घेऊन कोणी दारात आलं तर हात लावू नका, एक तर तसं साप फिरवणं बेकायदेशीर आहे आणि दुसरं म्हणजे सापाच्या अंगावरही हेच असतं. चुलत भावाच्या पोराने बॉल पायथन आणलाय, त्याच्या आजोबांची केमो चालू आहे, मी त्याला फोन करून एक तास बोलले. साप दिला नाही त्याने, पण आजोबांची सोय आत्याकडे केली. आणि संधिवातासाठी, सोरायसिससाठी, आतड्याच्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबायची इंजेक्शनं घेणारे कितीतरी जण आहेत, ते स्वतःला पेशंट समजतही नाहीत. तुम्ही त्यातले असाल तर पुढच्या व्हिजिटला स्वतःहून सांगा की घरात अमुक आहे. विचारायची वाट बघू नका, आणि विचारलं तर कुत्र्या-मांजरावर थांबू नका. मी पुढच्या ओपीडीला कोऑर्डिनेटर मॅडमना विनंती केली, त्यांनी फॉर्मवर त्या प्रश्नापुढे पेनाने 'कासव, मासे, पक्षी, सरडे' असं लिहिलं आणि त्याचीच झेरॉक्स काढली.

दिवाळीच्या सुट्टीत पोरीने विचारलं की टिकलीला बघायला जाऊ का. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले तिला जाऊ द्या, तुम्ही लांब रहा. मी गाडीतच बसले, काच खाली करून. ती टाकीजवळ अर्धा तास बसून होती, काकांनी तिला पालकाचं पान दिलं आणि टिकलीने ते तिच्या हातातून ओढून घेतलं, तिथून तिने ओरडून मला सांगितलं. मग बोअरच्या नळावर गेली. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, साबण लावला, बोटांच्या मधे, नखांखाली, आणि वीसपर्यंत आकडे मोठ्याने मोजले. मला गाडीत ऐकू येत होते. मग ओले हात तसेच पुढे धरून गाडीकडे आली आणि दार उघडायच्या आधी विचारलं, "आता येऊ?"